ड्रायव्हरवर आलेला आळ : डेस्कटॉपच्या ग्राफिक्स दुरुस्तीच्या नोंदी

३ फेब्रुवारी

जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली आणि डेबियन १२ ही लिनक्स सिस्टिम नव्याने टाकली. नेहमीचा इन्स्टॉलर सोडून डेबूटस्ट्रॅपने, एकेक पायरी हाताने. हौसेला मोल नसतं. जुन्या डिस्कवरच्या डेबियन ११ मधून सवयीच्या चार फायली उचलून आणल्या: ग्रबची (सिस्टिम बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंगं, पॅकेजं कुठून आणायची त्या सोर्सेसची यादी, शेलचे शॉर्टकट आणि फॉन्टची आवडनिवड.

(५ तारखेला घातलेली टीप: वरच्या चारांपैकी पहिल्या दोन फायलींनी दोन रात्री खाल्ल्या.)

डेस्कटॉप आला, पण रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वर अडलेलं. खिडकी ओढली की ती लंगडत मागून येते, आणि प्रोसेसरचा पंखा विनाकारण घोंघावतो. ग्राफिक्सची माहिती सांगणारं ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवलं. रेंडररच्या ओळीत कार्डाचं नावच नाही, तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’. म्हणजे मेसाला (प्रोग्रॅमांची चित्रं काढून देणाऱ्या खुल्या लायब्ररीला) कार्ड मिळालेलं नाही आणि पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल बिचारा प्रोसेसर रंगवतोय. ‘एलएसपीसीआय -के’ मध्ये कार्ड दिसतं, ‘कर्नल मॉड्यूल्स: अ‍ॅमडीजीपीयू’ या एएमडीच्या ड्रायव्हरची ओळही दिसते, पण ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ गायब. कोणता ड्रायव्हर चालेल हे यंत्राला माहीत आहे, तो कामावर मात्र आलेला नाही.

कार्ड एएमडीच्या पोलारिस पिढीचं, म्हणजे २०१६ च्या सुमाराचं. खुल्या ड्रायव्हरसाठी असं म्हातारं कार्ड बरं. त्याच्या वाटेवरचे खड्डे आधीच्या लोकांनी बुजवून ठेवलेले असतात.

४ फेब्रुवारी

बूट होताना कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, काय निरोप गेला होता ते ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ मध्ये वाचता येतं. तिथे ‘नोमोडसेट’. कधीतरी दुसरं कार्ड तपासताना मीच लावलेलं, आणि ग्रबच्या फायलीबरोबर नव्या घरात आलेलं. या एका शब्दाने कर्नलमधले ग्राफिक्स ड्रायव्हर आपणहून बाजूला बसतात. उरतो तो यूईएफआयने (मदरबोर्डवरच्या बूट सॉफ्टवेअरने) मांडून दिलेला फ्रेमबफर, म्हणजे पडद्यावरचं चित्र ठेवायची मेमरी, आणि रिझोल्यूशनही त्याचंच. शब्द काढला, ‘अपडेट-ग्रब’ केलं, रीबूट.

आता स्क्रीन बूटच्या सुरुवातीच्या चार ओळींवर गोठली. मशीन गेलं असं समजून पॉवरचं बटण दाबणारच होतो, तेवढ्यात सहज नम लॉक दाबून पाहिलं. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. दिवा ऐकतोय म्हणजे कर्नल जिवंत आहे. लॅपटॉपवरून एसएसएच (दुरून लॉगिन) केलं आणि लगेच आत शिरता आलं.

कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे ‘डीमेसेज’ मध्ये, घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते दिसलं: ‘पोलारिस१०_एमसी.बिन’ लोड झाली नाही, एरर -२. उणे दोन म्हणजे कर्नलच्या भाषेत ‘अशी फाईलच नाही’. एमसी म्हणजे मेमरी कंट्रोलर. त्याचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) मिळालं नाही म्हणून ड्रायव्हरने तिथेच हात वर केले. स्क्रीन का गोठली हेही मग उमगलं. अ‍ॅमडीजीपीयू आल्या आल्या यूईएफआयच्या फ्रेमबफरला घराबाहेर काढतो आणि त्यानंतर कार्ड सुरू करायला घेतो. जुना भाडेकरू गेला, नव्याला किल्ली मिळाली नाही, आणि पडद्यावर शेवटचं चित्र तसंच लटकत राहिलं.

५ फेब्रुवारी

फाईल का नव्हती? डेबियन १२ पासून फर्मवेअरची पॅकेजं ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ नावाच्या वेगळ्या विभागात गेली आहेत. मी आणलेली सोर्सेसची यादी ११ च्या काळची, तिच्यात हा विभाग नव्हता. नेहमीच्या इन्स्टॉलरने हे सगळं न विचारता केलं असतं. एक शब्द वाढवला, ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ घातलं. इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फायलींचा संच) नव्याने बनताना भलत्याच चिपांच्या नावाने ‘पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’ असे इशारे आले. आपल्या चिपचं नाव त्यात नसेल तर खुशाल दुर्लक्ष करावं. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ च्या यादीत पोलारिस१० च्या फायली दिसल्यावरच रीबूट केलं.

खुला ड्रायव्हर म्हणून आपण मिरवतो ते खरं, पण कार्डाच्या पोटातल्या छोट्या प्रोसेसरांना लागणाऱ्या या डझनभर फायली बंदच आहेत. ड्रायव्हर त्या फक्त पोचवतो.

आता जीएलएक्सइन्फोच्या एका ओळीत सगळे मजले दिसतात: चिप पोलारिस१०, एलएलव्हीएम (मेसा वापरते तो कंपायलर) १५, डीआरएम (कर्नलची ग्राफिक्स यंत्रणा) ३.४९, कर्नल ६.१. खालच्या मजल्यावर कर्नलमधला अ‍ॅमडीजीपीयू, वरच्या मजल्यावर मेसामधला रेडिऑनएसआय. तक्रार करायची वेळ आली तर ही एक ओळ आधी चिकटवायची.

७ फेब्रुवारी

खोटा अलार्म. लॅपटॉपवरून एसएसएचने ‘व्हल्कनइन्फो’ (व्हल्कन या ग्राफिक्स व्यवस्थेची माहिती देणारा प्रोग्रॅम) चालवलं, तर पुन्हा फक्त एलएलव्हीएमपाइप. पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की डेस्कटॉपसमोर कुणी लॉगिनच केलेलं नाही. ‘/डेव्ह/डीआरआय/रेंडरडी१२८’ ही कार्डाची फाईल उघडायचा हक्क समोर बसलेल्या युजरला आपोआप मिळतो, दुरून आलेल्याला मिळत नाही. स्वतःला ‘रेंडर’ ग्रुपमध्ये घातलं आणि विषय मिटला.

१० फेब्रुवारी

खरा आजार आज सुरू झाला. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळताना सातव्या-आठव्या मिनिटाला चित्र थिजलं. आवाज चालू, गाडीची घरघर तशीच. दहाएक सेकंदांनी स्क्रीन काळी, मग परत आली ती रंगीबेरंगी कचरा घेऊन. एसएसएचने आत जाऊन लॉग काढला. त्यातल्या कामाच्या ओळी मराठी अक्षरांत उतरवतोय:

‘एरर: रिंग जीएफएक्स टाइमआउट, सिग्नल्ड सीक्यू=४८२१३, एमिटेड सीक्यू=४८२१५’
‘प्रोसेस इन्फर्मेशन: प्रोसेस एक्सऑर्ग’
‘जीपीयू रीसेट बिगिन!’
‘व्हीरॅम इज लॉस्ट ड्यू टु जीपीयू रीसेट!’

ही पहिली ओळ नीट वाचायला शिकणं महत्त्वाचं. ड्रायव्हर कार्डाला ‘रिंग’ नावाच्या रांगेतून कामाचे गठ्ठे देतो आणि प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमांक टाकतो. गठ्ठा उरकला की कार्ड तो क्रमांक मेमरीत लिहून कळवतं. इथे ४८२१५ पर्यंतचं काम दिलेलं होतं आणि पोच आली ती ४८२१३ ची. ४८२१४ वर काहीतरी अडलं, ठरलेली मुदत संपली, आणि ड्रायव्हरने कार्ड रीसेट केलं. म्हणजे ड्रायव्हर इथे बोंब मारतोय. बोंब मारणाराच चोर असतो असं नाही. पण हे शहाणपण मला आज सुचलेलं नव्हतं. आज मी वहीत लिहिलं होतं: ‘६.१ मध्ये ड्रायव्हर बिघडलाय.’ ते तसंच ठेवतोय. (ही शेवटची काही वाक्यं २० तारखेची.)

११ फेब्रुवारी

आणखी दोनदा. एकदा लॉगमध्ये आरोपी म्हणून ब्राउझरचं नाव, एकदा खुद्द खेळाचं. कालचा एक्सऑर्ग (डेस्कटॉप पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम) धरून तीन वेळा तीन वेगळे आरोपी. प्रोसेसचं नाव म्हणजे अडलेला गठ्ठा कुणाचा होता एवढंच. रांगेत जो पुढे उभा होता, त्याच्या नावावर बिल फाटलं.

बॅकपोर्ट्समधला (डेबियनच्या नव्या आवृत्त्यांच्या जादा साठ्यातला) नवा कर्नल टाकला. तोही बाराव्या मिनिटाला आडवा. मेसा बदलून पाहण्याचा मोह आवरला, एका दिवशी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलंय.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस कर्नलच्या बूट पॅरामीटरांचा तोडगा चालला. ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’: फरक नाही. ‘अ‍ॅमडीजीपीयू.रनपीएम=०’: फरक नाही, आणि डेस्कटॉपवरच्या एकुलत्या एक कार्डाला त्याने फरक पडायचं कारणही नव्हतं. ‘अ‍ॅमडीजीपीयू.डीपीएम=०’: हँग नाही! आनंदाने उडी मारली, मग खेळाचा वेग पाहिला आणि खाली बसलो. डीपीएम म्हणजे गरजेप्रमाणे क्लॉक वर-खाली करणारी यंत्रणा. ती बंद केल्यावर कार्ड रांगत होतं. रांगणारा पडत नाही, त्यात नवल काय?

तरीही हे पॅरामीटर सोडून देण्यासारखं नाही, वेग कमी असला की हँग होत नाही एवढं त्याने सांगितलं. ग्रबच्या ओळीत आता पाच पॅरामीटरं झाली आहेत, त्यातलं कोणतं कशासाठी हे फक्त या वहीला माहीत आहे.

१४ फेब्रुवारी

मध्येच एक फाटा. पायथनमधला थ्रीडी आलेख काढणारा प्रोग्रॅम उघडला तर म्हणतो, ‘फेल्ड टु ओपन रेडिऑनएसआय’. झालं, ड्रायव्हर पार बसला, असं वाटलं. बाकी सगळं चालू होतं, फक्त हाच रडत होता. ‘लिबजीएल_डीबग=व्हर्बोज’ लावून पुन्हा चालवलं आणि पूर्ण ओळ मिळाली: ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३०’ सापडत नाही, आणि ते मागणारी लायब्ररी कोण, तर ‘लिबएलएलव्हीएम-१५’.

उलगडा असा. पायथनसाठी मी वेगळं एन्व्हायर्नमेंट बनवलंय. त्याने स्वतःची, जुन्या आवृत्तीची सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी सोबत आणली आहे. प्रोग्रॅम सुरू होताना ती आधी मेमरीत बसते. मग मेसा रेडिऑनएसआय उघडायला जातं, त्याला एलएलव्हीएम लागतं, आणि एलएलव्हीएमला सिस्टिमची नवी लायब्ररी हवी असते. एका प्रोसेसमध्ये खुर्ची एकच, आणि तिच्यावर जुना पाहुणा आधीच बसलेला. एन्व्हायर्नमेंटमधली लायब्ररी अपडेट केली, चाललं. घाई असेल तर ‘एलडी_प्रीलोड’ ने सिस्टिमची लायब्ररी आधी बसवूनही भागतं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वीस मिनिटांत मिटलं, पण इथेही मी पहिलं बोट ड्रायव्हरकडेच दाखवलं होतं. आणि हो, याचा हँगशी काही संबंध नाही.

१७ फेब्रुवारी

पॅरामीटरं थांबवून मोजायला बसलो. छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दर सेकंदाला कार्डाचा क्लॉक, तापमान आणि वीज वाचते आणि एसएसएचवरून लॅपटॉपच्या फाईलमध्ये ओळ टाकते. डेस्कटॉपच्या डिस्कवर लिहिलं असतं तर हँगच्या वेळचे शेवटचे दोन-चार सेकंद हाती लागतीलच याची खात्री नाही, आणि पाहायचे तर नेमके तेच आहेत.

तीन हँगच्या शेवटच्या ओळी:
१३६६ मेगाहर्ट्झ, ७१ अंश, १३६ वॅट
१३६६ मेगाहर्ट्झ, ६८ अंश, १३९ वॅट
१३६६ मेगाहर्ट्झ, ६३ अंश, १३४ वॅट

तापमान आरोपींच्या यादीतून बाद. ६३ ला पडणारं कार्ड ७१ पर्यंत पोचलंही होतं. क्लॉक मात्र तिन्ही वेळा सगळ्यात वरचा.

१८ फेब्रुवारी

‘पीपी_डीपीएम_एससीएलके’ या फाईलमध्ये कार्डाच्या क्लॉकच्या पायऱ्या दिसतात. माझ्याकडे आठ, ० ते ७. सगळ्यात खालची ३०० मेगाहर्ट्झ, सगळ्यात वरची १३६६. चालू पायरीपुढे चांदणी असते. परफॉर्मन्स लेव्हल ‘ऑटो’ वरून ‘मॅन्युअल’ केली आणि याच फाईलमध्ये ‘० १ २ ३ ४’ लिहिलं. आता कार्ड चौथ्या पायरीच्या वर चढू शकत नाही.

जीएलमार्क२ (कार्डावर ताण देणारी ग्राफिक्सची चाचणी) दोन तास. टाइमआउटची एकही ओळ नाही.
पाचवी पायरी मोकळी केली: दोन तास, शांत.
सहावी: ४१ व्या मिनिटाला टाइमआउट.
सातवी: ९ व्या मिनिटाला.

कर्नलला पायऱ्यांशी काय वैर असणार? तरी एक शंका उरलीच होती, की ६.१ मध्ये वीज सांभाळणारा कोड बदलला असेल. कर्नल ५.१० ते ६.१ मध्ये अकरा आवृत्त्यांचं अंतर आहे आणि बदल लाखाच्या वर. ‘गिट बायसेक्ट’ ने दर वेळी निम्मे कापत गेलं तरी सतरा-अठरा वेळा कर्नल बांधायचा, बूट करायचा आणि तासभर वाट पाहायची. बांधायला घेणार तेवढ्यात कपाटातली जुनी डिस्क आठवली. डेबियन ११, कर्नल ५.१०, जुनी मेसा. दोन वर्षं हेच कार्ड याच डिस्कवर बिनतक्रार चाललं होतं. याहून चांगला साक्षीदार कोणता? ती जोडली, त्यावरून बूट केलं, तोच खेळ लावला.

अकराव्या मिनिटाला टाइमआउट.

रात्री दीड वाजता खुर्चीत बसून हसू आलं. नवा कर्नल, नवी मेसा, नवं फर्मवेअर, सगळ्यांची एका झटक्यात सुटका. ३ तारखेला सॉफ्टवेअरशिवाय काय बदललं होतं? एसएसडी बसवायला मी कॅबिनेटमध्ये हात घातला होता.

२० फेब्रुवारी

कॅबिनेट उघडलं. कार्डाला वीज येते ती ६+२ पिनांच्या प्लगमधून, आणि ती केबल एसएसडीला जागा करायला मी बाजूला ओढून दाबून टाकली होती. दुरून पाहिलं तर प्लग नीट बसलेला. हाताने हलवला तर किंचित डुलतो. खटका दाबून बाहेर काढला आणि टॉर्चखाली धरला. आठ चौकोनी बिळं. सात बिळांत धातूची टोकं एका पातळीत चमकत होती. वरच्या ओळीतलं एक टोक दोन-तीन मिलिमीटर आत सरकलेलं, आणि त्या बिळाची प्लास्टिकची कड दुधाळ चहासारखी पिवळसर.

आठ पिनी प्लगच्या प्रमाणात १५० वॅट बसतात, कार्डाच्या स्लॉटमधून आणखी ७५ पर्यंत. १५० वॅट १२ व्होल्टला म्हणजे साडेबारा अँपिअर. आठपैकी १२ व्होल्टच्या पिना तीनच, म्हणजे एकीच्या वाट्याला चार अँपिअरहून थोडं जास्त. त्यातली एक अर्धवट टेकली की उरलेल्या दोघींवर सहा-सहाचा भार, आणि ती तिसरी थरथरत चटके देत-घेत राहते. कमी क्लॉकला हे सगळं खपून जातं. सातव्या पायरीवर कार्ड एकदम घोट घेतं, क्षणभर व्होल्टेज दबतं, आणि ४८२१४ क्रमांकाचा गठ्ठा अर्ध्यात राहतो. व्होल्टेज दबताना मी पाहिलेलं नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागेल. पण पायऱ्यांचा प्रयोग आणि हे बीळ एकमेकांशी जुळतात.

पॉवर सप्लायसोबत आलेली दुसरी केबल पेटीत होती, ती लावली. दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल प्लग बसतोय म्हणून कधीही लावू नये. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची निराळी असते आणि प्लग बसणं हा काही पुरावा नव्हे.

सातव्या पायरीसकट सगळ्या मोकळ्या करून, लेव्हल परत ‘ऑटो’. जीएलमार्क२ रात्रभर.

२१ फेब्रुवारी

सकाळी लॉग पाहिला: टाइमआउट शून्य. सर्वांत जास्त वीज १४८ वॅट. हा आकडा याआधी कधी दिसलाच नव्हता.

चहा घेऊन येईपर्यंत स्क्रीन झोपली होती, उठली ती थेट १०२४ × ७६८ मध्ये. पुन्हा? या वेळी मात्र बोट कुणाकडेही न दाखवता लॉग वाचला: ‘ईडीआयडी चेकसम इज इनव्हॅलिड’. मॉनिटर आपली ओळख १२८ बाइटच्या तुकड्यात सांगतो. त्या सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने भागली तर बाकी शून्य यायला हवी. बाकी उरली म्हणजे ओळखपत्र वाटेत चुरगळलं. मग कर्नल धोका न पत्करता साधी रिझोल्यूशनं पुढे करतो. काल कॅबिनेट परत भिंतीशी सरकवताना एचडीएमआयचा प्लग तिरका झाला होता. बोटाने दाबला, रिझोल्यूशन परत आलं.

२२ फेब्रुवारी

‘६.१ मध्ये रिग्रेशन’ (आधी चालणारं नव्या आवृत्तीत बिघडलं) या मथळ्याचा बग रिपोर्ट मसुद्यात पडून होता. लॉग जोडलेला, भाषा जरा तिखट. पाठवला असता तर कुणीतरी आपला रविवार त्यावर घालवला असता. पुसून टाकला.

जुन्या केबलच्या प्लगवर लाल चिकटपट्टी गुंडाळून ‘वापरू नये’ लिहिलं. पेटीत ठेवली तर तीन वर्षांनी मीच ती परत काढीन, म्हणून कापून टाकली.

२ मार्च

नऊ दिवस, रोज तास-दोन तास खेळ, तीनदा रात्रभर जीएलमार्क२. डीमेसेजमध्ये रिंगचं नाव नाही. बॅकपोर्ट्सचा कर्नल काढून ६.१ वर परत आलो. ग्रबच्या ओळीतली पाचही पॅरामीटरं एकेक करून उडवली, दर वेळी रीबूट करून. ‘क्वाएट’ तेवढं उरलं होतं. तेही काढलं. बूटच्या ओळी दिसू देत.